बाबांवरचं प्रकरण

३ मार्च
सकाळीच प्रकाशकाचा फोन. आत्मचरित्र ‘फार गोड’ झालंय म्हणे! आधीच्या कादंबरीतला बाप कुठे गेला? तो कामावरून पिऊन येणारा, बायकोला पट्ट्यानं झोडपणारा? “वाचकांना तोच हवाय, मॅडम.”

अहो, तो मी रचला होता! पानापानाला रडू यावं म्हणून! माझे बाबा लॉन्ड्रीच्या बॉयलरवर जन्मभर राबले. रोज घरी आले की आधी आईला चहा करून द्यायचे, मग शर्ट काढायचे. तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवून दिला, अर्ध्या वाक्यात.

५ मार्च
डोकं अजून तापलेलंच. एक ओळ लिहिली नाही.

६ मार्च
इस्त्रीखातं पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावं म्हणून लॉन्ड्रीत गेले. वाफ, ओल्या चादरींचे ढीग, पंखे तेच — मोडके. म्हातारा मुकादम दारातच भेटला. “काय गं, बापाचं सगळं बाहेर काढलंस की!” वर दात काढले.

“कादंबरी आहे ती, काका.”

“तेच ते.”

तेच ते! बाबा गेले आणि गावात उरला तो माझा कागदावरचा दारुडा! संताप संताप झाला. त्याच्यावर, माझ्यावर. हा चिखल मी उडवलाय, धुणारही मीच.

९ मार्च
प्रकाशकाचा निरोप: “निदान एक मारहाणीचा प्रसंग घाला.” घाला! आमटीत मीठ कमी पडलंय जणू! नाही घालणार. पुस्तक गेलं खड्ड्यात. बाबा होते तसेच छापायचे, नाहीतर नाही.

१० मार्च
उद्या आईकडे जाते. बाबांवरचं हे प्रकरण तिला वाचून दाखवणार. त्याच लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरींना इस्त्री करण्यात तिची उमर गेली. कादंबरी वाचून नुसतं “बरं लिहिलंयस” म्हणाली होती. बोलली नाही, पण लागलं असणारच तिला. आता तरी तिचा जीव निवेल.

११ मार्च
आईनं अर्ध्यावरच थांबवलं. रागावली नाही. म्हणाली, “कादंबरीत खरं लिहिलं होतंस की. मला वाटलं, तुला सगळं माहीत होतं. आता हे खोटं कशाला?”