बाबांची मिस्सा

नाशिक

प्रिय मार्थाताई,
प्रभूची शांती तुम्हा सगळ्यांवर राहो.

मी बरा आहे. इथली हवा छान आहे, जेवणही घरच्यासारखं मिळतं. आईचे गुडघे कसे आहेत?

बिशपांनी मला वर्षभर विश्रांतीसाठी इथे पाठवलंय, हे तिला सांगू नकोस. एका लहान मुलीच्या दफनविधीत प्रार्थना म्हणता म्हणता माझा आवाजच गेला. तिची आई म्हणाली, "फादर, बोला ना!" अजूनही मी वेदीजवळ जात नाही, मागच्या बाकावर बसतो.

बाबांना जाऊन वर्ष होईल, त्या दिवशीच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी नक्की येईन. पण मिस्सा म्हणायला दुसऱ्या फादरांना सांग. मी खाली तुझ्याशेजारी बसेन. आईने कारण विचारलं, तर काय सांगू गं?

तुझा धाकटा भाऊ,
सिल्वेस्टर