त्याच तीन चुका

३ फेब्रुवारी, सोमवार

कात्र्या सात. सुया अकरा. दाभण दोन. सगळं जागेवर. कपाटाला कुलूप. झाला माझा दिवस!

गळ्यातल्या कार्डावर छापलंय — सहायक उपचारक. आईला फोटो पाठवला तर तिने अख्ख्या गल्लीला दाखवला. पोरगा डॉक्टरांच्या हाताखाली आहे म्हणे! हाताखाली कसला, पायाखाली. मनोरुग्णांच्या दवाखान्यात एक कामाची खोली असते. जरा बरे झालेले पेशंट सकाळी वॉर्डातून तिथे आणतात. त्यांनी विणायचं, शिवायचं, पाकिटं चिकटवायची. हात चालायला लागले की माणूस परत माणसात येतो, असं मॅडम म्हणतात. खऱ्या उपचारक त्या. शिकलेल्या. मी सातवीत शाळा सोडलेला. मी कात्र्या मोजतो.

टायरच्या दुकानात पाच महिने काढले, हॉटेलात तीन, बिस्किटांच्या पॅकिंगला दोन. कुठे बूड टिकत नाही. इथे मार्चअखेर सहा महिने भरतात. मग मॅडम शेरा लिहिणार — ठेवायचा की हाकलायचा. या वेळी हाकललं तर घर. घरी दादा. दादाचं तोंड बघण्यापेक्षा कात्र्या मोजलेल्या बऱ्या.

वॉर्डातले मामा — तिथले जुने अटेंडंट, सगळे त्यांना मामाच म्हणतात — मला बघितलं की सलाम ठोकतात. "काय डॉक्टर, आज किती बरे केले?"


८ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारी पेशंट येत नाहीत. शनिवारचं काम कुणाला सांगण्यासारखं नाही. इथे लिहितो.

आठवडाभर त्यांनी दोरीने विणलेल्या खुर्च्यांच्या बैठकी मी उकलतो. सगळ्या! नवीन दोरी येत नाही. मागणी लिहून वर्ष झालं, मॅडम म्हणतात. मग तीच दोरी गुंडाळायची आणि सोमवारी परत त्यांच्याच हातात द्यायची. त्यांना सांगितलंय, खुर्च्या बाहेर जातात, लोक त्यांवर बसतात.

टायरवाल्याकडे निदान पंक्चर काढलेलं चाक गिऱ्हाईक घेऊन तरी जायचं.


११ फेब्रुवारी, मंगळवार

घड्याळकाकांना माहीत आहे!

हे तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करायचे. इथे चार वर्षं आहेत. बोटं अजून अशी चालतात की बघत बसावं. आज मला जवळ बोलावलं, दोरीचं टोक दाखवलं. बारीकशी गाठ. "ही माझी खूण. पाचव्यांदा आली माझ्याकडे."

मी म्हटलं, "काका, ते मॅडमनी —"

"अरे कळलं. मला कळलं म्हणून काय झालं? ह्यांना नको कळायला." हनुवटीने पोस्टमनकडे दाखवलं. पूर्वी टपाल वाटायचा हा पेशंट, म्हणून सगळे त्याला पोस्टमनच म्हणतात. तो बिचारा रोज विचारतो, माझी खुर्ची कुणाच्या घरी गेली? काकांनी त्याला सांगितलंय, शाळेत गेली. त्यावर मुलं बसतात. पोस्टमन आता वीण घट्ट घालतो. मुलं दंगा करतात ना, म्हणतो.

अकरा वाजता मॅडम वॉर्डात राऊंडला जातात. तेव्हा सगळ्यांचा चहा मी करायचा असा नियम. पेशंटने शेगडीला हात लावायचा नाही. पण मला कंटाळा, म्हणून पहिल्या महिन्यापासून काकाच करतात. नऊ जणांचा. बिनसाखरेचा कुणाचा, फक्त अर्धा कप कुणाचा, कुणाला बशीत ओतून द्यायचा — सगळं डोक्यात. ओटा पुसून, गॅसचं बटण दोनदा चाचपून मग स्वतःचा कप घेतात.

मी त्यांचं कुणाला सांगत नाही. ते माझं सांगत नाहीत.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

चहाची परीक्षा. महिन्यातून एकदा प्रत्येकाची पाळी. घरी सोडण्याजोगा झालाय का ते बघायला मॅडम फॉर्म घेऊन उभ्या राहतात. शेजारी उभं राहून खुणा मी करायच्या. पाणी मोजलं का, गॅस नीट पेटवला का, बंद केला का. पास झाला तर घरच्यांना फोन.

काका नापास. रिकामं पातेलं शेगडीवर ठेवून गॅस पेटवला. साखरेऐवजी मीठ घातलं. गॅस तसाच ठेवून जागेवर जाऊन बसले.

मॅडम हळहळल्या. "चार वर्षं झाली हो!"

मी मूग गिळून खुणा केल्या. दोन तासांआधी याच माणसाने नऊ जणांचा चहा केला होता.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जुने फॉर्म काढून बसलो. पोस्टमनच्या चुका दर वेळी नवीन. एकदा दूध साखरेच्या डब्यात ओतलं, एकदा कप गॅसवर ठेवला, एकदा आपण कुठे आहोत तेच विसरला. बाकीच्यांचंही तसंच.

काकांच्या त्याच तीन! त्याच क्रमाने. पाचही फॉर्म एकावर एक ठेवले तर खुणांवर खुणा बसतात. खरा गोंधळलेला माणूस इतका नेमाने चुकत नाही.

सातवी नापासाला हे दिसलं. मॅडमना नाही दिसलं!


१७ फेब्रुवारी, सोमवार

काकांना सरळ विचारलं. "नाटक झकास करता हो."

आधी हसले. मग कप विसळता विसळता बोलले. "आजारपणात माझ्या हातून घरी पडदा पेटला होता. तेव्हापासून भावजय स्वयंपाकघराला कडी लावते. प्यायचं पाणीसुद्धा मागून घ्यायचं. भावाने माझी हत्यारांची पेटी देऊन टाकली. का, तर आत टोकदार वस्तू. मी तिकडे नुसता बसून असायचो रे. हात मांडीवर ठेवून. गंमत बघ, परीक्षा चहाची घ्यायची आणि पास झालो की पाठवायचं कुठे? जिथे चहा करायचा नाही तिथे!"

मग म्हणाले, "तू सांगणार नाहीस."

विचारलं नाही. सांगितलं.


२३ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन. कधी येतोस? म्हटलं, साहेब रजा देत नाहीत. रजेचा कोरा अर्ज ट्रंकेत आहे. पहिल्याच महिन्यात दिला होता ऑफिसातून.


६ मार्च, गुरुवार

लाज वाटेल असा दिवस. आधी रागाने, मग दुसऱ्याच कारणाने.

परीक्षेला आज एक नवीन पेशंट होता. काडी ओढताना हात मागे घेत होता. मी फॉर्मच्या खाली लिहिलं — याला जमतं, पण जाळाची भीती वाटते. बरोबर लिहिलं होतं! मॅडमनी त्यावर सरळ रेघ मारली. "शेरा मी लिहायचा. तू फक्त खुणा कर. विचार करणं तुझं काम नाही."

समोर एक मुलगी बसलेली. पदविका झालेली, खोली बघायला आली होती. एप्रिलपासून जागा असेल का, विचारत होती. कुठली जागा? माझीच! ती माझ्या अक्षराकडे बघून गालात हसली.

डोक्यात तिडीक गेली. तोंडातून निघालं — "मॅडम, घड्याळकाका नाटक करतात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी फॉर्म आणले, एकावर एक ठेवले, खिडकीसमोर धरले. पोस्टमनचेही दाखवले. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हे तू शोधलंस?"

"हो मॅडम."

"बस."

सहा महिन्यांत पहिल्यांदा बस म्हणाल्या. बसलो! पदविकावाली उभी राहिली आणि मी बसलो. आतून असं काही गोड वाटत होतं. अकराच्या चहाचंही सांगून टाकलं. मीच मुद्दाम लक्ष ठेवायला त्यांना करू देतो, असं सांगितलं. तेही खपलं.

मग हात धुताना आरशात बघितलं. लगेच दिवा घालवला.


११ मार्च, मंगळवार

अकरा वाजता मॅडम राऊंडला गेल्याच नाहीत. सामानाच्या खोलीच्या दारामागे उभ्या राहिल्या. मला आधी सांगितलं होतं. मी काकांना इशारा करू शकलो असतो. खोकलो असतो तरी पुरे होतं. नाही खोकलो.

काकांनी आधण ठेवलं. नऊ कप मांडले. पावडर, साखर, सगळं मापात. पोस्टमनला हाक मारली, "या साहेब, टपाल आलं!" पोस्टमन खुदखुदला. कप भरले, गॅस बंद केला, बटण दोनदा चाचपलं. वळले तर समोर मॅडम.

काकांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच, आणि तेही रागाने नाही. घड्याळाचं झाकण उघडून आत काय मोडलंय ते बघावं तसं.

मग आपला कप त्यांनी मॅडमपुढे केला. "घ्या. तुम्हाला साखर कमी लागते ना?"

मॅडमनी घेतला. प्यायल्या. चांगला होता म्हणाल्या. डोळे भरून आले होते त्यांचे, आनंदाने! माणूस बरा झाला होता ना.


२० मार्च, गुरुवार

काकांचा भाऊ आला. हातात काकांच्या मापाचे नवीन बूट. वाईट माणूस नाही वाटला. मॅडमनी समजावलं, ह्यांना घरात कामं करू द्या, चहा उत्तम करतात. भाऊ म्हणाला, "छे हो! आता कशाला त्यांना त्रास? घरात माणसं आहेत करायला. नुसते आरामात बसू देत."

मॅडमनी परत सांगितलं. त्याने परत मान हलवली. मॅडमना पुढच्या पेशंटकडे जायचं होतं.

निघताना काका माझ्यापाशी थांबले. मी खाली बघत होतो. नवीन बूट दिसत होते, एकाची नाडी सुटलेली. वाकून बांधावी असं वाटलं. पण वाकलो नाही.

"त्या खिडकीजवळच्या खुर्चीची बैठक आजच पुरी केली," म्हणाले. "तेवढी एक ठेव."


२२ मार्च, शनिवार

उकलली. टोकाला गाठ होती.


३१ मार्च, सोमवार

कायम झालो. शेऱ्यात लिहिलंय — निरीक्षणशक्ती उत्तम. पदविकावालीला नाही घेतलं.

मामांनी माझ्या हातातून कागद घेऊन मोठ्याने वाचला. मग या वेळी सलाम न ठोकता म्हणाले, "केलास की रे एक बरा."


३ एप्रिल, गुरुवार

अकराचा चहा आता मी करतो. पोस्टमनने एक घोट घेतला, कप खाली ठेवला. "हा तो नाही." बाकीच्यांनीही ठेवले. वेड्यांचं काय मनावर घ्यायचं? सगळा मोरीत ओतला.


१८ मे, रविवार

आईचा फोन. म्हटलं, साहेब रजा देत नाहीत.

“हं,” म्हणाली. मग, "तुझं कारण दर वेळी तेच असतं रे."

मी विचारलं, म्हणजे? म्हणाली, काही नाही, जेवत जा वेळेवर.


८ जुलै, मंगळवार

काका परत आले!

भावाने आणून सोडलं. ऑफिसात रडकुंडीला आला होता. "काय कमी केलं आम्ही? जागेवरून उठू दिलं नाही. ताट हातात. पाण्याचा पेला हातात. काडीला हात लावू दिला नाही. तरी महिन्याभरात बोलणं बंद, मग ओळखणं बंद."

भाऊ भोळा. मला हसू येत होतं. ओळखणं बंद! किती सफाईने जमवलं बघा. वॉर्डात जाऊन समोर उभा राहिलो. काकांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. राग आहे माझ्यावर. असणारच. हात मांडीवर ठेवून बसलेत.

मनातल्या मनात म्हटलं, बसा काका, ताणून धरा. या वेळी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही. खिडकीजवळच्या खुर्चीला दोरी लावून ठेवलीय. गुरुवारी परीक्षा आहे. तीन चुका करा, मी तीन खुणा करतो. कुणी हलवणार नाही तुम्हाला इथून.


१० जुलै, गुरुवार

मॅडम फॉर्म घेऊन उभ्या. काकांना ओट्यासमोर उभं केलं.

पातेल्याकडे बघितलंच नाही. कप उचलला. उलटा करून कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिले.

मी साखरेचा डबा बाजूला केला. मिठाची बरणी झाकण काढून त्यांच्या बोटांपाशी सरकवली. मॅडमनी बघितलं तरी सरकवली.

"काका, मीठ. मीठ घ्या ना."

नाही घेतलं.