आईच्या नावाची नळी

॥ श्री ॥
पुणे, दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यासाहेब यांचे सेवेशी,
गरिमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि तिळाची वडी दोन्ही पोचलं. वडीचा वाटेत चुरा झाला होता, तो मी चमच्यानं खाल्ला. कानाचं नवं यंत्र कानात असतं की डब्यात, ते खरं लिहा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्रं लिहावी लागतात असं मी इथे सगळ्यांना सांगते, पण मला आवडतं म्हणून लिहिते.

आजचं पत्र मात्र कामाचं आहे. २०१२ साली मी शिकत असताना ग्वाल्हेरला येऊन ओळखीच्या बारा घरांतून रक्ताचे नमुने नेले होते. तुम्ही तेव्हा माहेरपणाला आला होता आणि सुई पाहून देवघरात जाऊन बसला होता. ते रक्त आमच्याकडे अजून गोठवून ठेवलेलं आहे. आमचा अभ्यास असा. आपल्या डीएनएवर मिथाइल नावाच्या अगदी बारीक खुणा असतात, आणि कोणत्या जनुकानं किती काम करायचं हे बऱ्याच अंशी त्या ठरवतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात काही ठरावीक जागांवरच्या खुणा कमी होतात. सोडली की त्या हळूहळू परत येतात. काही पाच-सात वर्षांत येतात, काही तीस वर्षांनीही पुरत्या येत नाहीत. त्यामुळे माणूस काहीही सांगो, तो ओढतो का आणि सोडून साधारण किती काळ झाला, याचा अंदाज रक्तावरून येतो.

आता त्या जुन्या नळ्या तपासल्या, तर आईच्या नावाच्या नळीत पक्क्या ओढणाऱ्याचं रक्त निघालं. रक्त पुरुषाचं की बाईचं, ते या पहिल्या चाचणीत पाहिलेलं नाही. म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या चिकटवताना मी आईची आणि आबासाहेबांची नळी उलटसुलट केली. आईचा फॉर्म मीच भरला होता. ‘धूम्रपान : कधीही नाही’ असं तिला न विचारताच लिहिलं. आईला असलं कोण विचारतं? बारा वर्षांच्या कामाची सुरुवात अशा चुकीनं झाली असेल तर मला ती मान्य करावी लागेल.

सगळ्या घरांतून आता दुसऱ्यांदा रक्त घ्यायचंच आहे. आबासाहेबांचा ताजा नमुना आला की जुनी कोणती नळी त्यांची ते ठरेल. त्यांना पडाव भागातल्या रक्त घेण्याच्या केंद्रावर तुम्ही घेऊन जाल का? मी त्यांच्याशी बोलणार नाही. आईच्या दहाव्याला सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणाले होते, की तुमच्या सिगारेटींनी तिचा जीव घेतला. त्याला नऊ वर्षं झाली. तो शब्द मी मागे घेतलेला नाही आणि घेणारही नाही. तुम्ही दर पत्रात विचारता म्हणून पुन्हा लिहिलं.

तब्येत सांभाळा, आणि माझ्यावरची माया उतू जाऊ द्या.
आपली,
गरिमा

॥ श्री ॥
माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
दि. २१ फेब्रुवारी २०२५

चि. गरिमा हिस,
कुमुदिनीआत्याचे अ. उ. आ.

यंत्र डब्यात आहे. कानात घातलं की खालच्या दुकानातली भांडणं ऐकू येतात, त्यापेक्षा बहिरी बरी.

तुझं काम झालं. दादासाहेबांना मी सांगितलं, की तुमच्या लेकीला तुमचं रक्त हवंय. त्यांनी लगेच इस्त्रीचा शर्ट घातला, जोडे पुसले आणि माझ्याआधी जिन्याखाली जाऊन उभे राहिले. गुडघे दुखतात म्हणून एरवी मंदिरापर्यंत यायला कुरकुर करतात. केंद्रावरच्या मुलीनं कागद वाचून दाखवला, तर म्हणाले, “रहने दो बेटा, दाखवा कुठे सही करायची.” सुई टोचल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की हे रक्त गरिमा स्वतः बघणार का. मुलीला काय माहीत! मीच हो म्हणून टाकलं. परतताना त्यांनी मला गरम गरम बेढई पुरी खाऊ घातली, आणि स्वतः नुसते बसून राहिले.

तुझ्या त्या खुणांचं मी दोनदा वाचलं. म्हणजे रक्तसुद्धा चुगली करतं म्हणायचं. आपल्या खानदानात हे आधी कळलं असतं तर निम्म्या पुरुषांनी डॉक्टरांकडे जाणंच सोडलं असतं. पण एक सांगते, राग येऊ दे. दादासाहेबांच्या खिशात पाकीट मी पाहिलेलं आहे, पडावावरच्या टपरीवरून ते घेऊन येतानाही पाहिलं आहे, आणि तुझ्याइतकीच त्यांना बोललेही आहे. वहिनीसाहेब गेल्यापासून मात्र त्यांच्या खिशात पाकीट नाही. शोक एकट्या तुलाच झाला असं समजू नकोस. ते पंच्याहत्तरीला आले. जेवणाच्या वेळी अजून तुझ्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीत. परवा मीच चुकून बसले, तर ते उभेच राहिले.

मी मध्ये पडत नाही. पडले असते तर काय काय लिहिलं असतं ते तुला ठाऊक आहे. पत्रात खंड पाडू नकोस, एवढं मागणं.
तुझी,
आत्या

॥ श्री ॥
पुणे, दि. ६ एप्रिल २०२५

ती. आत्यासाहेब यांचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. मी चिठ्ठ्या उलटसुलट केल्या नव्हत्या.

आबासाहेबांचा ताजा नमुना त्यांच्याच नावाच्या जुन्या नळीशी जुळला. दुसऱ्या नळीतलं रक्त बाईचं आहे. माझ्या रक्ताशी ताडून पाहिलं, तर नातं जुळतं. ते आईचं आहे. मी आधी मनाची समजूत घातली की आबासाहेबांचा धूर तिच्या छातीत जात होता, त्याचा हा परिणाम. पण दुसऱ्याच्या धुरानं इतका फरक पडत नाही. हे वीस-तीस वर्षं स्वतः ओढणाऱ्या माणसाचं रक्त आहे, आणि नमुना दिला तेव्हाही ती व्यक्ती ओढत होती.

आणि आबासाहेबांचं २०१२ सालचं रक्त सांगतं, की त्यांनी तेव्हाच पाच-सहा वर्षांपूर्वी सोडली होती. आत्यासाहेब, त्या काळात मी रोज त्यांच्याशी भांडत होते. गच्चीवर थोटकं सापडत होती, आईच्या पदराला वास येत होता, आणि मी म्हणत होते की यांच्यामुळे तिच्या साड्यांनाही वास लागतो. ते ऐकून घेत होते. आईही ऐकत होती.

तुम्हाला हे माहीत होतं का? माहीत असेल तर लिहा, नसेल तर त्यांना विचारा. माझी विचारायची हिंमत होत नाही. ज्या एका गोष्टीपायी मी नऊ वर्षं घर सोडून राहिले ती खोटी असेल, तर मी काय केलं हे मला कळायलाच हवं.

या वेळी नुसतं मायेवर भागणार नाही, उत्तर हवं आहे.
गरिमा

॥ श्री ॥
माधवगंज, ग्वाल्हेर
दि. १७ एप्रिल २०२५

चि. गरिमा हिस, अ. उ. आ.

मला माहीत नव्हतं, बाळा. खंडोबाची शपथ घेऊन सांगते. तुझं पत्र वाचून मी चुलीवरचं दूध विसरले.

वहिनीसाहेबांच्या माहेरचं एक मला ठाऊक होतं, पण त्याचा असा अर्थ मी कधी लावला नाही. त्यांचे आजोबा रिसाल्यात होते. म्हातारपणी हात कापायचे, काडी पेटवता यायची नाही. म्हणून आठ वर्षांची मधुवंती चुलीच्या निखाऱ्यावर त्यांची विडी पेटवायची, विझू नये म्हणून दोन झुरके स्वतः घ्यायची आणि मग नेऊन द्यायची. आपल्याकडच्या कित्येक घरांत मुली हे करत. कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं, ती वडीलधाऱ्यांची सेवा होती. वहिनीसाहेब हे हसत सांगायच्या, आणि आम्हीही हसायचो.

तुझं पत्र मी दादासाहेबांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि दोन दिवस ते खिशात घेऊन फिरले. मी भांडले. खूप भांडले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हे बंद पाकीट दिलं. मी उघडलेलं नाही. मन झालं होतं, पण नाही उघडलं.

जे असेल ते शांतपणे वाच, आणि या म्हातारीला विसरू नकोस.
आत्या

(सोबतचे पाकीट)

॥ श्री खंडेराय प्रसन्न ॥
ग्वाल्हेर, दि. १७ एप्रिल २०२५

चि. गरिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

पाटबंधारे खात्यात माझा जन्म अर्ज आणि टिपणं लिहिण्यात गेला. मुलीला पत्र कसं लिहावं ते मला येत नाही. उणंअधिक झालं तर सांभाळून घे.

तू तपासलेलं रक्त खरं सांगतं. तुझी आई ओढत होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला कळलं. मी तेव्हा ओढतच होतो, म्हणून मला राग आला नाही. संध्याकाळी ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर यायची आणि आम्ही दोघं टाकीच्या मागे उभे राहायचो. माणसांनी भरलेल्या घरात आमचा एकांत तेवढाच होता. हे मुलीला लिहू नये, पण आता लपवण्यात अर्थ नाही.

२००६ मध्ये माझ्या छातीत दुखलं. त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला आम्ही दोघांनी देवापुढे भंडार उचलून सोडण्याची शपथ घेतली. माझी निभली. तिची अकरा दिवस टिकली. देवाशी खोटं बोलले म्हणून ती आतल्या आत खचली. पुन्हा दोनदा तिनं प्रयत्न केला, तापानं फणफणली, शाळेत शिकवताना मुलींवर ओरडली, आणि पुन्हा सुरू केली. आपल्या लष्कर भागात तिला सगळे ओळखत होते. बाईंना पानाच्या टपरीवर पाहिलं तर शाळेतली नोकरी जाईल आणि सासू घराबाहेर काढेल, ही तिची भीती खरी होती. म्हणून मी म्हणालो की मी आणून देतो. पाकीट माझ्या खिशात राहील.

पुढच्या वर्षी तुला थोटकं सापडली. तू सोळा वर्षांची होतीस. तू मला काय काय बोललीस! ती स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलत होती. मी म्हणालो, हो, माझीच आहेत. त्या दिवशी ती जेवली नाही. नंतर कितीदा तरी म्हणाली की मी तिला सांगते. मीच अडवलं. शेवटच्या महिन्यात इस्पितळात आवाज गेला तेव्हा तिनं खुणेनं कागद मागितला. कशासाठी ते मला समजलं होतं. मी म्हणालो, राहू दे. आईचं शेवटचं पत्र म्हणून तुझ्या हाती हे येऊ नये असं मला वाटलं. तो निर्णय माझा होता आणि तो चुकला असेल. त्या कागदासाठी मला अजून झोप लागत नाही.

दहाव्याला तू मला म्हणालीस की मी तिला मारलं. मी गप्प राहिलो, ते केवळ तिची लाज राखायला नव्हे. नऊ वर्षं मी माझ्या हातानं तिला पाकीट आणून दिलं होतं. तू बोललीस ते मला खोटं वाटलं नाही.

तिच्यावर रागावू नकोस. तिनं खूप प्रयत्न केला, सगळ्यांना जमत नाही. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागाव. मला सवय झाली आहे.

तुझा,
आबा

॥ श्री ॥
पुणे, दि. २७ एप्रिल २०२५

ती. आबासाहेब यांचे चरणी,
गरिमाचा शि. सा. न.

हा मायना नऊ वर्षांनी लिहिते आहे.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी आईचा फोटो कपाटात ठेवून दिला. मला तिचा भयंकर राग आला. ती मटार सोलत राहिली आणि मी तुम्हाला बोलत राहिले, हे डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दोन दिवसांनी फोटो परत भिंतीवर लावला. आठ वर्षांच्या पोरीच्या हातात विडी देणाऱ्यांचा राग आला. मग तुमचा आला. तुम्ही तिला तो कागद द्यायला हवा होता, आबासाहेब. तिला काय लिहायचं होतं ते वाचण्याचा हक्क माझा होता. हे मी तुम्हाला माफ करते असं आज लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आपल्या घरात खोटं पुष्कळ झालं.

मग माझा स्वतःचा राग आला. आईच्या दहाव्याला तेवीस जण बसले होते. मी सगळ्यांसमोर बोलले आणि तुम्ही मान खाली घातलीत, आणि मला वाटलं की गुन्हा कबूल केलात. माझ्यामुळे तुम्हाला तिचं दुःखसुद्धा मोकळेपणानं करता आलं नाही. त्याबद्दल मी तुमची क्षमा मागते. क्षमा हा शब्द अपुरा आहे, पण दुसरा मला येत नाही.

आईची नळी आता ओढणाऱ्यांच्या गटात गेली आहे. तिथे नाव कुणाला दिसत नाही, तुम्ही काळजी करू नका. तुमच्या ताज्या रक्तातल्या बहुतेक खुणा कधीही न ओढलेल्या माणसासारख्या झाल्या आहेत. अठरा वर्षं लागली. तीन जागा अजून तशाच आहेत, त्या बहुधा तशाच राहतील. आईनं सोडली असती तर काय झालं असतं, हे कोणतंही रक्त सांगू शकत नाही. तुम्ही पाकीट आणलं नसतं तर ती जगली असती का, तेही नाही. मी रोज या आकड्यांमध्ये काम करते, म्हणून सांगते. तुम्ही ते स्वतःवर लिहून घेतलंत, मीही तुमच्यावर लिहिलं. दोघांकडेही पुरावा नव्हता.

तुमच्यावर रागावण्याची मलाही सवय झाली आहे. तुमचं पत्र वाचून झाल्यावरसुद्धा सकाळी उठल्यावर पहिला तोच राग येतो, मग आठवतं. सुटायला वेळ लागेल. मध्ये एखाद्या दिवशी मोडेल. पण सोडायची आहे, एवढं नक्की.

रविवारी, चार तारखेला सकाळच्या गाडीनं मी ग्वाल्हेरला पोचते. स्टेशनवर येऊ नका, जिने आहेत. मी रिक्षानं येईन. मी दार वाजवलं की तुम्ही उघडा. आत्यासाहेबांना पाठवू नका.

आपली,
गरिमा