शिरसाचं पान

नांदेड, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून तडकलेलंच आहे. उद्याच्या प्रदर्शनासाठी लोह्याजवळच्या एका बांधावरून मी शिरसाचं, म्हणजे सरसोंचं, रोपटं आणलं, कागदात दाबून नीट वाळवलं. आणि आमचे विभागप्रमुख! फुलं झाकली जातात म्हणून त्यांनी खोडावरची पानंच खुडून टाकली. वर चिठ्ठी लावली, ‘रानमोहरी’.

“सर, पानावरूनच तर कळतं,” मी म्हटलं. “मोहरीच्या पानाला देठ असतो. शिरसाचं वरचं पान बिनदेठाचं, खोडाला मिठी मारून बसतं.”

“मॅडम, फूल पिवळं हाय ना? मग मोहरीच. उगं कशाला ताणून राहिल्या?”

सगळा स्टाफ हसला. पिवळं म्हणे! दोन्हींची फुलं पिवळीच असतात. हा माणूस वनस्पतिशास्त्र शिकवतो?

आणि चिठ्ठीवर ‘ओळख पटवणारे’ म्हणून नाव कुणाचं? माझं.

सगळे घरी गेल्यावर केराच्या डब्यात हात घातला. पान सापडलं. दाबून चपटं झालंय, तरी बुडाशी मिठीचा आकार तसाच. सरांच्या टेबलाच्या काचेखाली त्यांच्या सत्काराचा फोटो आहे. पान तिथंच सरकवून आले, नेमकं त्यांच्या तोंडावर.