मनोरा तीनचा संदेश

शुक्रवार, ६ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत, तूही बरा असशील. नसायला काय झालंय म्हणा! परवाच्या पेपरात तुझा फोटो पाहिला. ‘वणव्यांचा बादशहा’ असं वर लिहिलंय, तू कुंपणाला टेकून उभा आणि मागे धूर. तो धूर खोटा आहे हे मला बघताक्षणी कळलं. खरा धूर इतका पांढराशुभ्र नसतो, आणि त्याला पाठ दाखवून कुणी असं हसत उभं राहत नाही.

आईचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे. डोळ्यांचं मात्र तसंच, मधोमध काळा डाग आणि कडेकडेनं थोडंसं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे एवढं टिकलं तरी पुष्कळ. स्वयंपाकघरातला नळ गळत होता तो मीच दुरुस्त केला. माझी बदली रेकॉर्ड विभागात झाली, हे कळवलं होतं का तुला? वायरलेसची खोली बंद झाली, आता सगळे मोबाइलवर बोलतात. माझा जुना सेट कपाटावर पडलाय आणि त्याच्यावर कुणीतरी कुंडी ठेवलीये.

तुझं पुस्तक आणि चिठ्ठी मिळाली. पुढच्या शनिवारी आमच्याच वनखात्याच्या सभागृहात तुझा सत्कार, आईला पहिल्या रांगेत बसव असं लिहिलंयस, आणि तू एकोणिसावं प्रकरण वाचून दाखवणार आहेस. आईनं दुसऱ्याच दिवशी चांगले कपडे इस्त्रीला टाकायला लावले. पुस्तकात ‘ताईस, प्रेमपूर्वक’ लिहून खाली सही ठोकलीस, ती मला काही वाचता आली नाही. परक्या माणसांना देतोस तीच सही दिसते.

पुस्तक वाचलं मी. तू विचारणार नाहीस, पण सांगते. पहिल्या कादंबरीत जंगल जाळलंस, दुसरीत जंगल आणि वर एक विमान, आता तिसरीत अख्खं गाव. तुझा नायक डोंगर चढत आगीच्या पुढे पळतो. अरे बाबा, चढावर आग माणसाला गाठतेच, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल! एकोणतीस प्रकरणं आणि प्रत्येकाच्या शेवटी वारा फिरतो. त्या वाऱ्याला दुसरा काही उद्योग नाही का? आणि ती बाई जळत्या झाडाखाली उभी राहून नायकाला मनातलं सांगते, चांगलं दीड पान. त्या धुरात माणसाला धड खोकताही येत नाही रे.

ही झाली कुरकुर. मोठी बहीण म्हणून तेवढा हक्क असतो. मला बोलायचंय ते एकोणिसाव्या प्रकरणाबद्दल.

वणव्यावर नजर ठेवायच्या मनोऱ्यावरचा पहारेकरी दारू ढोसून झोपलाय. खाली दरीत चार मजूर झुडपं तोडतायत. आग येते, हा घोरतोय. जाग येते तेव्हा कुणालाही न कळवता जीव घेऊन पळतो आणि स्वतःच आगीत सापडतो. परवा आमच्या ऑफिसातली टायपिस्ट डबा खाता खाता म्हणाली, “बरं झालं मेला तो हरामखोर!” ती नवीन आहे. मी कुणाची मुलगी हे तिला माहीत नाही. मी मान खाली घालून जेवत राहिले.

पहारेकऱ्याचं नाव बदललंस, त्याच्या मिशा काढून टाकल्यास. पण खोलीत शिरण्याआधी उंबरठ्यावर तीनदा बूट आपटायची सवय तशीच ठेवलीस. अण्णांची एवढीच आठवण तुला कामाला आली का रे?

आता आईचं ऐक. तिला पुस्तक ऐकायचं होतं. ‘माझ्या लेकानं एवढं लिहिलंय आणि मला एक अक्षर दिसू नये,’ म्हणून रोज हळहळायची. मग मी ऑफिसातून आल्यावर चहा झाला की एकेक प्रकरण वाचून दाखवायचे. मजेत ऐकत होती. विमानातून पाणी टाकतात तिथे तर टाळ्या वाजवल्या तिनं. एकोणिसावं आलं तेव्हा मी पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं आणि मनचंच सांगायला लागले. पहारेकरी जागा आहे, त्याला धूर दिसतो, तो धावतो, मजुरांना वाचवतो. मी बऱ्यापैकी रंगवून सांगत होते, तुझी बहीण शोभेन इतपत.

आई म्हणाली, “इतका वेळ बोलतेयस, पान एकदाही उलटलं नाहीस.”

मग काय करणार! वाचलं जसंच्या तसं. संपल्यावर म्हणाली, “बूट त्यांचेच आहेत. बाटली कुणाची?”

मग तीच पुढे म्हणाली, “त्यांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नाही. पण त्याचा तरी काय दोष? तो होता कुठे इथे, वसतिगृहात होता. तू होतीस ना ऑफिसात त्या दिवशी? मग तू का नाही सांगितलंस त्याला नीट?”

मी दूध ठेवलंय गॅसवर असं म्हणून उठले. दूध वगैरे काही नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन त्या दुरुस्त केलेल्या नळाकडे बघत उभी राहिले.

तेव्हापासून हे पत्र चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा तुला शिव्या घालून झाल्या की फाडून टाकलं. कारण शिव्या घालताना माझीच जीभ अडखळते. पेपरातल्या मुलाखतीत तू सांगितलंस की सरकारी चौकशीचा अहवाल मिळवून तू त्याच्यावर हे प्रकरण रचलंस. खरंच आहे ते. मी रेकॉर्डमधून अहवाल काढून दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. ‘मनोरा तीनकडून कोणताही संदेश आला नाही. पहारेकरी झोपला असावा व उशिरा जाग येऊन घाबरून पळाला असावा.’ तुझी एकटी बाटलीच काय ती जास्तीची. बाकीचं तुला तयार मिळालं.

तू एवढी रहस्यं लिहितोस, मग एक प्रश्न तुला कसा पडला नाही? पळणारा माणूस दरीत कशाला उतरेल? रस्ता मनोऱ्याच्या मागे होता, पाच मिनिटांत डांबरी सडकेवर पोचला असता. अण्णा सापडले ते खाली दरीत, मजुरांपासून वीस पावलांवर. ते त्यांना हाक मारायला उतरले होते. वायरलेसवर कुणी उत्तर देईना, म्हणून स्वतः उतरले.

वायरलेसवर कोण होतं, ते तुला माहीत आहे.

त्या वेळी मी तेवीस वर्षांची होते आणि मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. काम सोपं होतं. मनोऱ्यावरून संदेश आला की रजिस्टरात वेळ लिहायची, संदेश लिहायचा आणि माइकमध्ये सांगायचं, ‘मिळाला.’ हा ‘मिळाला’ ऐकल्याशिवाय पलीकडच्या माणसानं जागा सोडायची नाही, असा नियम. अण्णा दर दुपारी तीनच्या सुमाराला बोलायचे. “मनोरा तीन बोलतोय. सगळं ठीक. धाकट्याचं पत्र आलं का?”

रोज. तुला वसतिगृहात जाऊन सात महिने झाले होते. दोन पत्रं आली तुझी, आणि दोन्हीत शर्ट पाठवा म्हणून लिहिलेलं. हे टोमणा म्हणून सांगत नाहीये. बरं, टोमणा म्हणूनच सांगतेय. पण गुन्हा तुझा नाही.

आगीच्या आदल्याच दिवशी साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. “वायरलेस म्हणजे तुमच्या घरचा फोन नाही, बाई!” लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि राग आला तो अण्णांचा.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी खरखर झाली. “मनोरा तीन बोलतोय...” मी पुस्तक वाचत होते. तुझ्याच पेटीतली रहस्यकादंबरी, जहाजावर खून होतो ती. शेवटची अठरा पानं राहिली होती. मला वाटलं, झालं, आता पत्राचं विचारणार आणि आतून साहेब ऐकणार. मी हात लांब करून आवाजाचं बटण अगदी बारीक केलं. पुन्हा खरखर झाली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी ती बराच वेळ चालली. शब्द कळले नाहीत, कारण मी ऐकलेच नाहीत. पुस्तक संपवून मान वर केली तर खिडकीतून डोंगर दिसत नव्हता. आवाज मोठा केला. मनोरा दोनवाला ओरडत होता. मनोरा तीन गप्प होता.

त्या पुस्तकात खुनी कोण निघाला, ते मला आज आठवतही नाही.

चौकशीच्या साहेबांनी विचारलं, “मनोरा तीनकडून काही आलं होतं?” मी म्हटलं, “नाही.” रजिस्टरात तसं लिहून सही केली. अण्णा गेलेच आहेत, आता माझी नोकरी गेली तर आईला क्वार्टरमधून बाहेर काढतील, असं मी स्वतःला समजावलं. पहिली दोन वर्षं ते खरं होतं. उरलेली सोळा वर्षं मी नुसती भित्री होते. आईला शेजारणी सांत्वन करायला यायच्या आणि जाताना दाराबाहेर कुजबुजायच्या, ते ती ऐकायची. मीही ऐकायचे. तुझ्या पुस्तकाचा मला इतका संताप का आला ते आता तुला कळलं असेल. जे मी एका शब्दात केलं, ते तू चांगलं रंगवून हजारो लोकांना वाटलंस.

ज्या सभागृहात तुझा सत्कार आहे ना, तिथे स्टेजच्या डाव्या हाताला एक फलक आहे. कामावर असताना गेलेल्यांची नावं. त्या दिवशीच्या चारही मजुरांची नावं त्यावर आहेत. अण्णांचं नाही. आई अठरा वर्षांत त्या सभागृहात गेली नाही. आता तुझ्यासाठी येणार म्हणते. “तो वाचेल ते मी समोर बसून ऐकेन,” म्हणाली.

तर शनिवारी एकोणिसावं प्रकरण वाचू नकोस. हे पत्र वाच. सगळं वाच, तुझे शर्टसुद्धा. तू म्हणशील, ताई माझं पुस्तक बुडवायला निघाली. बुडू दे! पुढच्या आवृत्तीत त्या पहारेकऱ्याला शुद्धीवर आण आणि वायरलेसपुढे एक मुलगी बसव. बाटली टाकून द्यायला जीवावर येत असेल तर तिच्या हातात दे. चौकशी अधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज मी लिहून पर्समध्ये ठेवलाय, सत्कारानंतरच्या सोमवारी देणार आहे. पण आईला ते कुठल्या कागदावरून कळू नये. घरी सांगायला मी रोज तोंड उघडते आणि भाजी काय करू म्हणून विचारते.

तुझ्याच्यानं नाही झालं, तर मला वर बोलाव आणि माइक माझ्या हातात दे. माइकमध्ये बोलणं हेच तर माझं काम होतं. फक्त तिथल्या माणसाला आधी सांगून ठेव, आवाज मोठा ठेव म्हणावं.

आईला अजून तू मोठा लेखक वाटतोस. तिचा आशीर्वाद सोबत आहे. माझा घ्यायचा की नाही, ते तू शनिवारनंतर ठरव.

मनोरा तीन, तीन वाजून दहा मिनिटांचा तुमचा संदेश मिळाला.

ऑपरेटर,
तुझी ताई