कार्ड झोपलं होतं

बाबा,

दुपारच्या पाळीला निघालेय. जेवण झाकून ठेवलंय, वायफाय लागलंय. दादा जाताना लॅपटॉपमध्ये विंडोज काढून लिनक्स टाकून मोकळा झाला, निस्तरायला मी आहेच. सकाळपासून डोकं पिकलं. आधी वायफायचा ड्रायव्हर पुन्हा टाकला, मग राउटरला शिव्या घातल्या. दोघंही बिचारे निर्दोष निघाले.

भानगड तुमच्या चार्जरची आहे. तो काढला की लॅपटॉप बॅटरी वाचवायला बघतो आणि सगळ्यात आधी वायफायच्या कार्डाला झोपवतो, की नेट तुटलंच. आणि तुम्ही तर "उगाच वीज कशाला जाळायची" म्हणत बोलता बोलता चार्जर उपटता. ती सेटिंग मी कायमची बंद केलीय. बॅटरी लवकर संपेल, संपू दे.

त्या रविवारी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल चालू असताना घर विकण्यावरून तुमची आणि दादाची जुंपली, तेव्हाही तुम्ही चार्जर काढला होता. मी समोरच कपड्यांच्या घड्या घालत होते. तेव्हापासून तुमचं एकच पालुपद, "त्याने माझ्या तोंडावर फोन आपटला." बाबा, त्याने नाही आपटला. कार्ड झोपलं होतं. तिकडे तोही मला तेच ऐकवतो, "बाबांनी कापला." इतके दिवस दोघांचं ऐकून घेतलं, आता माझ्याच्याने होत नाही.

त्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते तुमचं काम. संध्याकाळी तो घरीच असतो.

चार्जर नाही लावलात तरी चालेल. फोन तेवढा लावा.

– धाकटी