शालेय विद्यार्थ्यांच्या उन्हाळी संशोधन वर्गात एका शिक्षकास प्रवेश मिळणेबाबत

जवळा बाजार, जि. परभणी
दिनांक १८ एप्रिल १९७७

प्रति,
मा. वर्गप्रमुख,
शालेय विद्यार्थी उन्हाळी विज्ञान संशोधन वर्ग,
परभणी.

विषय : कु. रुख्मिणी सेवा राठोड, इयत्ता नववी, हिचे संमतिपत्र मुदतीनंतर स्वीकारणेबाबत. तसेच अर्जदारास वयाची अट शिथिल करून त्याच वर्गात प्रवेश देणेबाबत.

संदर्भ : (१) आपले निवडपत्र दि. १४ मार्च १९७७. (२) माझा तक्रारअर्ज दि. २८ मार्च १९७७.

महोदय,

१. मी खाली सही करणार नरसिंग ग्यानोबा खिल्लारे, वय ४४ वर्षे, जवळा बाजार येथील माध्यमिक विद्यालयात एकोणीस वर्षांपासून विज्ञान शिकवतो. शिक्षण इंटर सायन्स. पुढे शिकता आले नाही, त्याची कारणे या अर्जाच्या कक्षेत येत नाहीत. आमच्या घराण्यात प्रयोगशाळेत पाऊल टाकलेला मी पहिला माणूस, आणि त्या पावलाला दोनच वर्षे मिळाली, एवढे नमूद करतो. शिक्षकांसाठी निघणाऱ्या उन्हाळी प्रशिक्षणास मी १९६८, १९७१ आणि १९७४ साली अर्ज केले. दोनदा उत्तर आले नाही. तिसऱ्यांदा जागा भरल्याचे कळवण्यात आले.

२. संदर्भ क्र. २ अन्वये मी आपल्याकडे तक्रार केली होती की, कु. रुख्मिणी हिने निवडीसाठी पाठवलेले ज्वारीच्या खोडमाशीवरील काम मूळचे माझे आहे. तिला इंग्रजी येत नाही, माशीचे लॅटिन नाव सांगता येत नाही, सबब तिची निवड रद्द व्हावी, असेही मी लिहिले होते. त्यातले लॅटिन नावाचे विधान खरे आहे. मला ते नाव येते. मी ते १९७१ साली पाठ केले. बाकी तक्रार मी या अर्जाने परत घेत आहे. का, ते पुढे लिहितो. ते वाचायला आपला वेळ जाईल, पण न लिहिता नुसती तक्रार परत घेतली तर आपणास वाटेल की मी उदार आहे. तसे नाही.

३. खोडमाशी ज्वारीच्या कोवळ्या रोपावर अंडी घालते, अळी आत शिरते, आणि रोपाचा मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेला कोवळा शेंडा, सुकून जातो. आमच्याकडे हायब्रीड आल्यापासून हा त्रास फार. १९७१ पासून दरवर्षी मी शाळेमागच्या दोन गुंठ्यांत आणि आसपासच्या शेतांत मेलेले पोंगे मोजतो. पेरणीची तारीख, पाऊस, ओळ, मेलेल्या रोपांची संख्या. सहा वर्षांच्या सहा वह्या आहेत. मला कोणी सांगितले नव्हते. कोणी विचारलेही नाही.

४. गेल्या भाद्रपदात मोजणीसाठी मी नववीची चार मुले घेतली. त्यांत रुख्मिणी होती. ही इथून दोन कोसांवरच्या तांड्यावरून चालत शाळेत येते. वडील सेवा पेमा राठोड शेती करतात. वर्गात ती हात वर करीत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ओळीत उकिडवी बसून ती मला म्हणाली, "सर, ज्या रोपाचं पान चमकतं, त्याचा पोंगा मरून नाही राहिला."

मी म्हणालो, "चमक मोजायचं माप कोणत्या पुस्तकात आहे? तू मेलेली मोज."

ती मेलेली मोजू लागली. महोदय, तेव्हा मला राग आला नव्हता. मला फक्त वाटले की, पोरगी भाबडी आहे.

५. पंधरा दिवसांनी ती वही घेऊन आली. तिने बापाच्या शेतात गावरान ज्वारीच्या ओळी धरल्या होत्या. चमकणारी रोपे दोनशे बारा, त्यांतली मेलेली एकोणीस. न चमकणारी दोनशे आठ, मेलेली एकशे एकवीस. मी विचारले, चमक तू ठरवलीस कशी? डोळ्याला तर ऊन बदलले की सगळेच चमकते.

"पाणी शिंपडलं सर," ती म्हणाली. "चमकत्या पानाला पाणी चिकटून ऱ्हातं. दुसऱ्या पानावरून गोळी होऊन घरंगळतं. मग डोळ्यावर भरवसा ठेवायचं काम न्हाई."

मी तिच्याबरोबर मागच्या दोन गुंठ्यांत गेलो, तांब्याभर पाणी घेतले आणि हाताने शिंपडले. तिने सांगितले तसेच झाले. तिने चुकून एक बरोबर पाहिले असते तर मी आनंदाने पाठ थोपटली असती. पण तिने पाहिले, शंका घेतली आणि शंकेवर उपायही काढला. घरी येऊन मी माझ्या सहाही वह्या उघडल्या. प्रत्येक पानावर मेलेल्या रोपांचा रकाना होता. जिवंत राहिलेल्यांविषयी मी सहा वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती.

त्या दिवसापासून मला या मुलीचा हेवा वाटतो. शिक्षकाने हे लिहू नये. पण दुसरा शब्द मला सापडला नाही.

६. आपले परिपत्रक आले तेव्हा मुख्याध्यापक श्री. अमृतराव बेंगाळ यांनी तिचे नाव सुचवले. प्रपत्रावर विज्ञान शिक्षकाची शिफारस लागत होती. मी ते प्रपत्र कपाटात ठेवले. बेंगाळ सरांनी दोनदा विचारले, दोनदा मी म्हणालो, तिचे आकडे तपासतो आहे. आकडे तपासून झालेले होते. शेवटी त्यांनी दुसरे प्रपत्र मागवून स्वतःच्या सहीने, वहीची नक्कल जोडून पाठवले. मार्चमध्ये आपले निवडपत्र आले. सगळ्या मराठवाड्यातून चोवीस विद्यार्थी, सहा आठवडे, खरी प्रयोगशाळा, प्रत्येकाला वेगळे टेबल आणि सूक्ष्मदर्शक. बेंगाळ सरांनी ते पत्र प्रार्थनेच्या वेळी वाचले आणि पेढे वाटले. मी पोट दुखत असल्याचे सांगून पेढा घेतला नाही. घरीही तेच सांगितले. माझी पत्नी जनकाबाई चौथी शिकलेली आहे. ती म्हणाली, "तुमचं दुखतंय ते पोटात न्हाई." त्यानंतर आठवड्याने मी संदर्भ क्र. २ चा अर्ज लिहिला.

७. आता मुदतीविषयी. पालकांचे संमतिपत्र दहा एप्रिलपर्यंत आपणाकडे यावयाचे होते. ते आले नाही, याला विद्यार्थिनी वा तिचे पालक जबाबदार नाहीत. मी आहे.

तीन एप्रिलला, रविवारी, सेवा राठोड आणि त्यांची पत्नी रूपाबाई मुलीला घेऊन माझ्या घरी आले. उन्हातून आले होते. ओसरीत बसून पाणी प्याले आणि सेवा राठोड म्हणाले, "सर, पोरगी आजवर तांड्याच्या बाहेर मुक्कामाला ऱ्हायली न्हाई. कागद काय म्हनतो ते आमाला समजत न्हाई. तुमी शिकवता तिला. तुमी व्हय म्हना, आमी धाडतो. न्हाई म्हना, न्हाई धाडत."

मी म्हणालो, "परभणी लांब. दिवस उन्हाचे. तिथली मुले इंग्रजी शाळांतली, ही त्यांत गांगरून जाईल. पुढच्या वर्षी बघू."

एवढेच बोललो. पुढच्या वर्षी ती दहावीत असेल आणि दहावीच्या मुलांना आपण घेत नाही, हे मला माहीत होते. सेवा राठोडांनी मान हलवली. त्यांना थोडे हलकेच वाटले असावे. रूपाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मुलगी उंबऱ्याशी उभी होती. जाताना तिने जनकाबाईच्या पाया पडून घेतले आणि मग माझ्याही.

८. परवा, शनिवारी, शाळा सुटल्यावर ती वही घेऊन विज्ञानाच्या खोलीत आली. म्हणाली, "सर, मी न्हाई जात तर जागा रिकामी ऱ्हाईल. तुमी जा. तुमचंच काम हाय ते. मी नुसतं पाणी शिंपडलं."

मला वाटले, ही टोमणा मारते आहे. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. टोमणा नव्हता. तिने वही उघडली आणि काय काय राहिले आहे ते मला समजावून सांगू लागली. माशी चमकत्या पानावर बसतच नाही, का बसून अंडी न घालता उडते, हे तिला कळलेले नव्हते. ते बघायचे तर उजाडताना शेतात बसायला पाहिजे, असे तिचे म्हणणे. शिवाय चमकत्या पानाच्या पाठीला बोट लावले तर बारीक लव लागते, ती भिंगातून दिसेल का? "तिथं मोठं भिंग असंल, सर. तेवढं तुमी बघा, अन् मला येऊन सांगा."

महोदय, मी एकोणीस वर्षे या खोलीत मुलांना सांगत आलो की निरीक्षण करा, प्रश्न विचारा. त्या खोलीत एक विद्यार्थिनी तेच करीत होती आणि स्वतःची जागा मला देत होती. आणि त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की लवेचा प्रश्न मला का सुचला नाही.

मी तिला म्हणालो, "पुढच्या वर्षी घेत नाहीत. मी खोटं बोललो." तिने वही मिटली. "काहून, सर?" एवढेच विचारले.

९. काल सकाळी मी सायकलने तांड्यावर गेलो आणि सेवा राठोडांना सर्व सांगितले. प्रपत्राचे, तक्रारीचे, तीन एप्रिलच्या बोलण्याचे. चारपाच माणसे जमली होती, त्यांच्यासमोरच सांगितले. सेवा राठोड म्हणाले, "त्या दिवशी न्हाई म्हनला, तेबी तुमीच. आज जा म्हनून राहिले, तेबी तुमीच. आमी कोनचं बराबर धरावं?"

रूपाबाई म्हणाल्या, "सर सोता तिथं ऱ्हात असतील तर पोरीला धाडू. सहा हप्ते. तिच्या डोळ्यासमोर ऱ्हावा, मग खरं." माणसांनी माना डोलावल्या. या अटीवर सेवा राठोडांनी संमतिपत्रावर अंगठा केला. मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच, की मला माझाच संशय आला.

१०. तरी विनंती की,

(अ) कु. रुख्मिणी हिचे संमतिपत्र आठ दिवस उशिरा आले असले तरी स्वीकारून तिची जागा कायम ठेवावी. दंड करावयाचा असल्यास मला करावा. माझी तक्रार फाडून टाकावी, अथवा फाईलमध्ये ठेवावीच लागत असेल तर हा अर्ज त्या तक्रारीवर लावावा.

(आ) मला सहा आठवडे परभणीत राहण्याची परवानगी आणि वर्गात विद्यार्थी म्हणून प्रवेश द्यावा. आपली अट चौदा ते सतरा वर्षांची आहे. मला सत्तावीस वर्षांची सवलत लागेल. तसा नियम नसल्यास मला शेवटच्या बाकावर बसू द्यावे. बाक कमी असल्यास मी उभा राहीन. वर्गात घेणे शक्य नसल्यास परीक्षानळ्या धुण्यास, रोपांना पाणी घालण्यास, कुलपे उघडण्यास मला ठेवावे. मात्र त्या खोलीत ठेवावे. सूक्ष्मदर्शकाला मी हात लावणार नाही. मुलांचे बघून झाल्यावर, आवरण घालण्यापूर्वी, एकदा बघेन.

(इ) वरीलपैकी एकच मागणी मान्य होण्यासारखी असेल तर (अ) करावी. हे वाक्य लिहायला मला आजची सगळी दुपार लागली, याची नोंद नसली तरी चालेल.

११. ही मुलगी माझ्या हाताखाली शिकली, असे उद्या कोणी म्हणेल. आपण छापील अहवालात तसे लिहू नये. मी तिला मेलेली रोपे मोजायला सांगितले होते.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

नरसिंग ग्यानोबा खिल्लारे
सहशिक्षक (विज्ञान)

सोबत :
१. संमतिपत्र, सेवा पेमा राठोड यांच्या डाव्या अंगठ्याच्या ठशासह.
२. विज्ञान शिक्षकाच्या शिफारशीचे मूळ प्रपत्र, आज भरून सही केलेले.
३. अर्जदाराच्या मोजणीच्या वह्या, सहा. परत मिळाव्यात. न मिळाल्या तरी हरकत नाही.

ता. क. : पाकीट बंद करीत असताना सेवा राठोड येऊन गेले. रूपाबाईंची मावसबहीण जिवनबाई परभणीत राहते, असे त्यांना आज कळले. रूपाबाई स्वतः सहा आठवडे तिच्याकडे राहणार, मुलीला रोज सोडणार आणि आणणार. सरांनी येण्याची आता गरज नाही, सरांना कशाला तकलीफ, असा निरोप रूपाबाईंनी दिला आहे. त्यामुळे परिच्छेद ९ मधील अट संपली. नियमाप्रमाणे मी हा अर्ज नव्याने लिहून मागणी (आ) वगळायला पाहिजे होती. पोस्ट बंद व्हायला एक तास आहे, तेवढा वेळ पुरला असता. मी ती वगळलेली नाही. मुलीसाठी तिची गरज उरलेली नाही. मला आहे.